भाड्यासाठी घर घ्यायचे, तर हिशेब भाड्यापासून सुरू करा

भाड्याने देण्यासाठी घर घेणाऱ्या नवख्या माणसाची पहिली चूक बहुतेक वेळा घर पाहायला जाण्याआधीच झालेली असते. स्वतःजवळ किती पैसे आहेत आणि बँक किती कर्ज देईल यावरून तो किंमत ठरवतो, त्या किमतीत बसणारे आणि स्वतःला आवडणारे घर निवडतो, आणि भाडे किती येईल हा प्रश्न खरेदीखत झाल्यानंतर दलालाला विचारतो. हा क्रम उलटा करावा, एवढेच खरे तर या लेखाचे म्हणणे आहे. आधी भाडे, मग भाडेकरू, मग घर आणि सर्वांत शेवटी किंमत, या क्रमाने गेल्यास निम्म्याहून अधिक घरे पहिल्याच आठवड्यात यादीतून गळून पडतात, आणि ती गळणेच हिताचे असते.

लेख नाशिकचे रो हाउस डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण मी स्वतः तेच घेतले आणि त्यातल्या चुकाही माझ्याच आहेत. कायद्याची बाजू मात्र महाराष्ट्रात सर्वत्र लागू आहे. फ्लॅटपेक्षा रो हाउस किंवा छोटा बंगला निवडण्यामागे एक साधे कारण असते: बांधकाम जुने होत जाते, त्याची किंमत उतरते, पण खालची जमीन जुनी होत नाही. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गच्ची, ड्रेनेज, पाण्याची टाकी, बाहेरचा रंग, फाटक या सगळ्यांचा खर्च एकट्या मालकाच्या खिशातून जातो. वर सोसायटी आणि खाली दहा शेजारी अशी वाटणी तेथे नसते.

भाडेकरू कोण, हे आधी ठरवा

नाशिकचेच उदाहरण घेतले, तर सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत नोकरी करणारी कुटुंबे, नाशिक रोडच्या नोटांच्या आणि मुद्रांकांच्या छापखान्यांतील कर्मचारी, देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षण शाळेशी संबंधित लोक, ओझरच्या विमान कारखान्यातील अभियंते, बदलीवर आलेले बँक अधिकारी आणि आडगाव-पंचवटी बाजूच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी असे भाडेकरूंचे अगदी वेगवेगळे गट आहेत. यांपैकी प्रत्येकाला घराकडून वेगळी गोष्ट हवी असते. बदलीवर आलेल्या कुटुंबाला शाळेची बस दारापर्यंत यायला हवी असते, पाळीत काम करणाऱ्याला कारखाना वीस मिनिटांच्या आत हवा असतो, आणि विद्यार्थ्यांना घरापेक्षा खोल्या मोजायच्या असतात. रो हाउस म्हटले, की भाडेकरू बहुधा कुटुंब असते, आणि कुटुंब एकदा स्थिरावले की मुलांच्या शाळेमुळे तीन-चार वर्षे सहसा हलत नाही. दीर्घकाळ भाड्याने देणाऱ्याला हीच गोष्ट सर्वांत मोलाची असते, कारण दर वेळी घर रिकामे झाले, की एका महिन्याचे भाडे, रंगाचा खर्च आणि दलाली असे तिन्ही खर्च एकदम येतात.

भाड्याचा खरा दर जाहिरातींत सापडत नाही. जाहिरातीत मालकाने मागितलेला आकडा असतो, भाडेकरूने मान्य केलेला नसतो. मी घर घेण्याआधी ज्या गल्लीत जाणार होतो, तिथल्या किराणा दुकानात तीन संध्याकाळी उगाचच काहीतरी विकत घेत उभा राहिलो. दुकानदाराने तिसऱ्या दिवशी विचारलेच, ‘घर बघताय का?’ आणि मग कोणते घर किती महिने रिकामे आहे, कोणाचे भाडे किती, कोणत्या ओळीला उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, कोणत्या घरातले लोक का सोडून गेले, हे सगळे त्याने पंधरा मिनिटांत सांगितले. दलालाने मला बावीस हजार भाडे सांगितले होते. दुकानदाराच्या मते सतरापेक्षा एक रुपया अधिक मिळणार नव्हता, आणि तोच बरोबर ठरला.

भाव वाढणार या आश्वासनावर घर घेऊ नये. नाशिकमध्ये प्रत्येक सिंहस्थाच्या आधी हे वाक्य ऐकू येते, पुण्यात मेट्रोच्या नावाने ऐकू येते, आणखी कोठे नव्या महामार्गाच्या नावाने. भाव वाढेलही, पण हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून भरायचा असतो.

कागदावर आकडेमोड

एक उदाहरण मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत. आपल्या घराचे आकडे घालून तीच मांडणी करावी. रो हाउसची किंमत ६० लाख रुपये धरू. मुद्रांक शुल्क शहरानुसार साधारणपणे सहा ते सात टक्के पडते, कारण मूळ शुल्काशिवाय स्थानिक संस्थेचा आणि काही शहरांत मेट्रोचा अधिभार असतो. पुण्यात ते सात टक्के पडते. येथे सहा टक्के धरले, तर ३,६०,००० रुपये झाले. नोंदणी शुल्क एक टक्का असले तरी त्याला ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. एक टक्का दलालीचे ६०,०००, वकिलाचे आणि शोध अहवालाचे (मालकीच्या जुन्या नोंदी तपासण्याचे) १५,०००, कर्जाच्या प्रक्रियेचे आणि गहाणाच्या नोंदीचे ३५,०००, आणि रंग, गळती, नळ, वीज यांसाठी १,५०,००० धरले, तर वरखर्च साडेसहा लाखांचा होतो. म्हणजे घर ६६,५०,००० रुपयांना पडले. हिशेब याच आकड्यावर करायचा, साठ लाखांवर नाही.

भाडे महिना १७,००० म्हणजे वर्षाला २,०४,०००. त्यातून सरासरी एक महिना घर रिकामे राहील असे धरून १७,००० वजा करा, घरपट्टी आणि पाणीपट्टीचे ११,०००, देखभालीचे २५,०००, करार आणि दलालीचे ८,००० आणि विमा व सामाईक वर्गणीचे ६,००० वजा करा. हातात उरतात १,३७,०००. साडेसहासष्ट लाखांवर हा परतावा दोन टक्क्यांपेक्षा किंचित अधिक आहे. बँकेच्या मुदत ठेवीवर याहून कितीतरी जास्त व्याज मिळते, आणि ठेवीचा नळ गळत नाही.

आता कर्जाकडे पाहू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च सामान्यतः या किमतीत धरत नाहीत. ४५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ३९,००० रुपये येतो. भाडे सतरा हजार. म्हणजे दरमहा बावीस हजार रुपये स्वतःच्या पगारातून घालायचे आहेत, आणि घर रिकामे असलेल्या महिन्यात पूर्ण एकोणचाळीस. ‘भाड्यातून हप्ता निघेल’ हे वाक्य आपल्याकडे बहुतेक शहरांत खरे नाही, आणि जो माणूस या वाक्यावर विसंबून सही करतो, तो दोन वर्षांत घर पडत्या भावाने विकायला काढतो.

मग घ्यायचेच कशाला? ज्याच्याजवळ किमतीचा मोठा भाग रोख आहे, ज्याला पंधरा-वीस वर्षे ते विकायचे नाही, आणि ज्याला निवृत्तीनंतर दरवर्षी वाढत जाणारे भाडे हवे आहे, त्याला हा व्यवहार परवडतो. ज्याला पुढच्या पाच वर्षांत मुलीच्या शिक्षणासाठी तो पैसा लागणार आहे, त्याने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदपत्रे: येथे घाई करू नये

फ्लॅट घेताना माणूस सोसायटी आणि बिल्डर पाहतो. रो हाउस घेताना जमीन पाहावी लागते. सर्वप्रथम सातबारा किंवा, सिटी सर्व्हेच्या हद्दीत असेल तर, मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढावी. दोन्ही शासनाच्या संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीसह मिळतात. सातबाऱ्यावर नाव पाहून लोक थांबतात. खरी माहिती ‘इतर हक्क’ या रकान्यात असते. बँकेचा बोजा, वारसांचा हक्क, कुळकायद्याखालील विक्रीचे निर्बंध, न्यायालयातील दाव्याची नोंद, हे सगळे तेथे लिहिलेले असते. जमीन भोगवटादार वर्ग एकची आहे की वर्ग दोनची हेही पाहावे, कारण वर्ग दोनच्या जमिनीच्या हस्तांतराला शासकीय परवानगी लागते आणि ती नसेल तर खरेदीच अडचणीत येते. मालकाचे नाव तेथे कसे लागले ते फेरफारावरून कळते. शक्य तेवढे जुने फेरफार वाचून काढावेत.

जमीन बिगरशेती झालेली असावी आणि रेखांकन मंजूर असावे. शेतजमिनीचे एक-एक, दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून त्यांवर बांधलेली घरे स्वस्त मिळतात, ती स्वस्त का आहेत हे मात्र जाहिरातीत लिहिलेले नसते. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेवढ्या जागेवर टुमदार घर उभे राहते, पण जमीन शेतीचीच असेल तर बिगरशेतकऱ्याला ती घेता येत नाही, आणि बँकही अशा घरावर सहसा कर्ज देत नाही. असे तुकडे, म्हणजे गुंठेवारी, नियमित झाल्याचे विक्रेता सांगत असेल, तर त्याचा आदेश स्वतः वाचावा. ‘फाइल टाकली आहे’ म्हणजे आदेश नव्हे.

रो हाउसच्या योजनेत आणखी एक प्रश्न येतो. प्रत्येक घराचा स्वतंत्र सातबारा आहे, की सगळी जमीन एकत्र असून खरेदीदाराला तिचा अविभक्त हिस्सा मिळतो? एकत्र असेल, तर योजना सहकारी संस्थेखाली आहे की १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली, हे विचारावे. पहिल्या प्रकारात संस्थेचे भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) लागते, दुसऱ्यात संपूर्ण योजनेचे घोषणापत्र आणि त्या घराचा मालकी दस्त, म्हणजे डीड ऑफ अपार्टमेंट. जुन्या योजनांत जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असते. तेव्हा मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने न दिलेली जमिनीची मालकी सरकारी आदेशाने मिळवण्याची, प्रक्रिया पूर्ण झाली आहे का, ते पाहावे लागते.

महापालिकेचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (घरात राहायला परवानगी असल्याचा दाखला) हातात घेऊन घरासमोर उभे राहावे आणि नकाशा व घर ताडून पाहावे. गच्चीवर चढवलेली खोली, बाजूच्या मोकळ्या जागेवर टाकलेला पत्रा, पुढे आणलेले स्वयंपाकघर हे नाशिकच्या रो हाउसमध्ये इतके सर्रास आढळते, की विक्रेता त्याला ‘एक्स्ट्रा रूम’ म्हणून किमतीत धरतो. नकाशात नसलेल्या खोलीचे पैसे देऊ नयेत. नदीजवळचे घर असेल तर पूररेषा, म्हणजे नकाशावर निळ्या आणि लाल रेघांनी दाखवलेली पुराची हद्द, तपासावी. सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीने नाशिकमध्ये काय केले ते पाहिलेला माणूस निळ्या आणि लाल रेषेच्या आतले घर भाड्यासाठीही घेणार नाही.

वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) स्वतःलाही शोधता येते आणि ती सवय चांगली आहे, पण ती वकिलाच्या शोधाची जागा घेत नाही. विक्रेत्याला घर वडिलांकडून आले असेल, तर सर्व वारस कोण हे विचारावे आणि त्यात लग्न झालेल्या बहिणी मोजल्या आहेत ना ते पाहावे. मी सोडून दिलेले एक घर याच कारणाने सोडले. तीन भाऊ सहीला तयार होते, विसाराची, म्हणजे व्यवहार पक्का करण्यासाठी आगाऊ द्यायची, रक्कमही ठरली होती, आणि फेरफारात चौथे नाव एका बहिणीचे निघाले. ‘ती काही मागणार नाही, तिचं आमचं चांगलं आहे,’ असे थोरल्याने सांगितले. तसे असेल तर हक्कसोडपत्र नोंदवायला तिला अडचण नसावी, एवढेच मी म्हणालो, आणि त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

केवळ कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या पत्रावर, ‘विकलेले’ घर घेऊ नये. अशा व्यवहाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

घर पाहण्याची वेळ

शक्य असेल तर घर पावसाळ्यात पाहावे. मी फेब्रुवारीत पाहिले, मार्चमध्ये घेतले, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भाडेकरूबाईंचा फोन आला, ‘दादा, तांदळाच्या डब्यावर पाणी पडतंय.’ गच्चीच्या उताराचे पाणी ज्या भोकातून खाली जायचे, ते आधीच्या मालकाने नव्या फरशीखाली दाबून टाकले होते. गच्चीवर वीतभर पाणी साचून ते स्लॅबमधून स्वयंपाकघरात उतरत होते. उन्हाळ्यात ती फरशी इतकी स्वच्छ दिसली होती, की मी तिचे कौतुकही केले होते. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, की गच्चीवर दोन बादल्या पाणी ओता आणि ते कोठे जाते ते उभे राहून पाहा. नवा रंग फक्त छताच्या एका कोपऱ्यालाच दिलेला असेल, तर तो कोपरा का रंगवला हे विचारा.

ड्रेनेजचे चेंबर उघडून पाहावे. जुन्या ओळींत दोन घरांचे एक चेंबर असते आणि ते बहुधा तुमच्या हद्दीत असते, म्हणजे शेजाऱ्याचे तुंबले तरी खोदकाम तुमच्या अंगणात होणार. सेप्टिक टँक असेल तर तो शेवटचा कधी उपसला ते विचारावे. नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ येते, बोअरवेल एप्रिल-मेमध्ये चालते का, जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे, या प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याकडून घेऊ नयेत. ती शेजारणीकडून घ्यावीत. महावितरणची मागील बारा महिन्यांची बिले मागावीत: त्यांतून थकबाकीही कळते आणि घर खरोखर किती महिने वापरात होते हेही कळते. घरपट्टी आणि पाणीपट्टीची थकबाकी मिळकतीबरोबर नव्या मालकाच्या गळ्यात येते, म्हणून निरंक असल्याचा दाखला खरेदीखताआधी हातात असावा.

पार्किंग पाहावे. आज दुचाकीवर येणारा भाडेकरू दोन वर्षांत चारचाकी घेतो, आणि सहा मीटरच्या रस्त्यावर ती उभी राहिली, की गल्लीतले भांडण मालकापर्यंत पोहोचते.

विसारापासून खरेदीखतापर्यंत

विसार नेहमी चेकने किंवा बँकेतून द्यावा आणि पावतीवर मिळकतीचे पूर्ण वर्णन, ठरलेली किंमत, मुदत, आणि कागदपत्रांत दोष निघाल्यास रक्कम परत करण्याची अट लिहून घ्यावी. त्यानंतर वकिलामार्फत स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. चौदा किंवा पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर पुढे जावे. कर्ज असेल तर साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) नोंदवावे लागते, नसेल तर एकदम खरेदीखतही करता येते. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि शासनाच्या वार्षिक दर तक्त्यातील मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते, म्हणून या तक्त्याचा, म्हणजे रेडी रेकनरचा, आकडा आधीच काढून ठेवावा. खरेदी केवळ स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावे होत असेल, तर शुल्कात एक टक्का सवलत मिळते. साठ लाखांवर ती साठ हजारांची आहे आणि पती-पत्नीने नावे घालण्याआधी विचार करण्याजोगी आहे.

किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर खरेदीदाराने विक्रेत्याला देण्याच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या नावे आगाऊ भरायचा आयकर) कापून भरायचा असतो. हे काम बँक करत नाही, दलाल आठवण करून देत नाही, आणि विसरल्यास व्याज व दंडाची नोटीस खरेदीदाराच्याच नावे येते. विक्रेता अनिवासी भारतीय असेल, तर कपातीचा दर बराच जास्त असतो. तेव्हा करसल्लागाराशिवाय पाऊल टाकू नये. खरेदीखतानंतर सातबारा किंवा मिळकत पत्रिका, घरपट्टी आणि वीजमीटर ही तिन्ही नावे बदलून घ्यावीत. तयार आणि भोगवटा प्रमाणपत्र असलेल्या घरावर जीएसटी लागत नाही, हे एक सुख.

करार

महाराष्ट्रात घरमालकांच्या मनात भाडेकरूविषयी जी भीती बसली आहे, तिला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखाली भाडे गोठलेले असे, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता केवळ राहण्याच्या परवानगीवर, राहत होते, ते दुरुस्तीने भाडेकरूच झाले. आजोबांच्या वाड्यात अजून वीस रुपये भाड्याने राहणारे बिऱ्हाड ज्याने पाहिले आहे, तो घर कुलूप लावून ठेवील पण भाड्याने देणार नाही. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने चित्र बदलले. या कायद्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडले नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाईही मागता येते.

हे संरक्षण लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असेल तरच भक्कम राहते. ‘अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. त्याच कायद्याच्या कलम ५५ नुसार करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी करून नोंदवणे ही मालकाची जबाबदारी आहे. न नोंदवल्यास अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही, आणि तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरीचा शिक्का मारून देणारे दुकान प्रत्येक कोर्टाबाहेर आहे. त्या कागदाने यांपैकी काहीही साधत नाही.

नोंदणीचा सरकारी खर्च किती, हे लोकांना माहीत नसते म्हणून ते टाळतात. सतरा हजार भाडे, पन्नास हजार परत करण्याची अनामत आणि अकरा महिने मुदत धरू. एकूण भाडे १,८७,०००, अनामतीवर वार्षिक दहा टक्क्यांनी अकरा महिन्यांचे मानीव व्याज सुमारे ४,५८३, बेरीज १,९१,५८३. तिच्या पाव टक्का म्हणजे साधारण पाचशे रुपये मुद्रांक, आणि महापालिका हद्दीत एक हजार रुपये नोंदणी शुल्क. दोन्ही मिळून दीड हजार. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर, आणि सेवा देणारा माणूस यंत्र घेऊन घरी येतो. त्याचे पैसे वेगळे.

करारात दरवर्षीची वाढ, एक महिन्याची आगाऊ सूचना, पोटभाडेकरू न ठेवण्याची अट, केवळ राहण्यासाठी वापर, कोणती दुरुस्ती कोणाकडे, आणि घर सोडताना रंगाचे काय, हे स्पष्ट लिहावे. शेवटच्या दोन मुद्द्यांवरच बहुतेक भांडणे होतात. भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा पोलिसांच्या संकेतस्थळावर देऊन पोच जपून ठेवावी. योजना सहकारी संस्थेखाली असेल, तर स्वतः न राहणाऱ्या मालकाकडून संस्था ना-भोगवटा शुल्क घेऊ शकते, पण २००१ च्या शासकीय परिपत्रकानुसार ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये.

भाडेकरू निवडताना आडनाव आणि आहार यांवर अर्धा तास घालवणारे मालक पगाराची पावती मागायला मात्र संकोचतात. आधीच्या घरमालकाला एक फोन केला, तर जे कळते ते कोणत्याही मुलाखतीत कळत नाही. भाडे बाजारापेक्षा हजार रुपयांनी कमी ठेवून चांगले कुटुंब पाच वर्षे टिकवणे मला कायम परवडले आहे: वर्षाचे बारा हजार सोडले, पण रिकामा महिना, रंग आणि दलाली वाचली.

कर थोडक्यात

मिळालेल्या भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवता येत नाही. भाड्याने दिलेल्या घरावरील कर्जाचे व्याजही वजा होते. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे पावणेचार लाख, म्हणजे कागदोपत्री तोटा. जुन्या करपद्धतीत असा तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वळता करता येतो. नव्या पद्धतीत तो पगाराविरुद्ध वळता होत नाही. ‘करात वाचेल’ म्हणून घर घेणाऱ्याने आपण कोणत्या पद्धतीत आहोत ते आधी पाहावे. घरपट्टीतही फरक पडतो: पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला जी ४० टक्के सवलत देते, ती भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी दोन गोष्टी. अनिवासी भारतीयाला निवासी घर घेता येते, शेतजमीन आणि फार्महाउस घेता येत नाही. आणि त्याला भाडे देणाऱ्या भाडेकरूने प्रत्येक महिन्याच्या भाड्यातून ३० टक्के व उपकर कापून सरकारकडे भरायचा असतो. हे भाडेकरूला करारापूर्वीच सांगावे, नाहीतर तो दुसऱ्या महिन्यात घाबरून घर सोडतो. भावाला किंवा वडिलांना दिलेले कुलमुखत्यारपत्र परदेशात केले असेल, तर ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे लागते.

किल्ली देताना

राहायला येण्याच्या दिवशी भाडेकरूसोबत प्रत्येक खोलीत फिरून मोबाइलवर चित्रीकरण करावे आणि ते तेथेच त्याला पाठवावे. वीजमीटरचे वाचन, पंखे, दिवे, गिझर, नळ, किल्ल्यांची संख्या यांची यादी करून दोघांनी सही करावी. मीटरच्या फोटोत तारीख दिसावी म्हणून मी शेजारी त्या दिवसाचे वर्तमानपत्र धरतो. माझी मुलगी हसते, पण सोडताना बिलावरून वाद झालेला नाही. पाण्याच्या मोटारीचे बटण कोठे आहे, गच्चीच्या भोकावरची जाळी जूनच्या पहिल्या आठवड्यात कशी काढून साफ करायची, आणि चेंबरचे झाकण कोणत्या बाजूने उचलते, हे तोंडी सांगण्यापेक्षा एकदा करून दाखवावे.